फोडणारी मुलं

१९१८ च्या अखेरीस, पहिलं महायुद्ध संपून जेमतेम काही आठवडे झाले असताना, आउगुस्त आइकहॉर्न या व्हिएन्नाच्या शिक्षकाने शहराच्या उत्तरेला ओबरहोलाब्रुन इथे मुलांची एक संस्था सुरू केली. जागा म्हणजे निर्वासितांसाठी उभारलेली आणि आता ओस पडलेली छावणी. ऑस्ट्रिया हरला होता, साम्राज्याचे तुकडे झाले होते, कित्येक घरांत बाप परतला नव्हता आणि शहरात खायची मारामार होती. चोऱ्या करणारी, घरातून पळणारी, शाळेला नकोशी झालेली मुलं इथे पाठवली जात. आइकहॉर्नने त्यांचे गट पाडले. साधारण एका जातकुळीची मुलं एका गटात, असं करता करता शेवटी बारा मुलगे उरले. ते कुठल्याच गटात टिकेनात. भांडणात हाताला लागेल ते, ताट असो की सुरी, ते समोरच्यावर उगारत. या बाराजणांना त्याने एक स्वतंत्र बराक दिली आणि सोबतच्या शिक्षिकांना सांगितलं की यांना शिक्षा करायची नाही, दम द्यायचा नाही, मारायचं तर मुळीच नाही. कुणाला गंभीर इजा होऊ द्यायची नाही, एवढंच बघायचं.

पुढे जे झालं ते आइकहॉर्नने काहीही न लपवता लिहून ठेवलंय. मुलं सुधारली नाहीत, बिघडली. खिडक्यांची तावदानं फुटली, दारं लाथांनी मोडली, टेबलं-खुर्च्यांचा चुरा झाला. जेवायला कुणी टेबलावर बसेना. जो तो आपलं ताट घेऊन कोपऱ्यात जमिनीवर उकिडवा बसे. आरडाओरडा दूरवर ऐकू जाई. आसपासच्या लोकांनी तक्रारी केल्या, शिक्षिका थकून गेल्या. आइकहॉर्न मात्र अडून राहिला. काही दिवसांनी त्याला एक बदल दिसला. रागाचं आता नाटक होऊ लागलं होतं. मुलं आधी त्याच्याकडे बघत आणि मग हात उगारत. एकाने त्याच्यासमोरच दुसऱ्याच्या गळ्याला सुरी लावली आणि किंचाळत राहिला. आइकहॉर्न जागचा हलला नाही. धोका खरा नाही हे त्याने ओळखलं होतं. त्या मुलाने सुरी फेकली, पाय आपटले, ढसाढसा रडला आणि थकून झोपून गेला. मग एकामागून एक सगळ्यांचंच असं झालं. नाताळच्या सुमारास त्या मोडक्या बराकीतून त्यांना नव्या, नीट लावलेल्या जागेत नेलं, आणि तिथे मोडतोड झाली नाही.

मी एका जिल्ह्याच्या गावी निरीक्षणगृहात समुपदेशक होते. कायद्याच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आणि गावाच्या भाषेत ‘रिमांड होममधलं पोर’ अशा मुलांमध्ये माझं काम गेलं. सुरीची ही हकीकत मी नोकरीच्या सुरुवातीलाच वाचली होती. पण एका मुलाने फुटलेल्या ट्यूबलाइटचा तुकडा हातात धरून माझ्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा ती मला कळली. ती नजर विचारत होती, आता मारशील ना? ज्या मुलाला लहानपणापासून फटका हाच जगाचा जबाब म्हणून मिळाला, ते मूल प्रत्येक नव्या माणसाकडून तोच जबाब काढून घ्यायला बघतं. तो मिळाला की त्याचा हिशेब जुळतो, आणि पुढचा दगड मारायला ते मोकळं होतं. आइकहॉर्नने हा हिशेबच जुळू दिला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. या मुलांच्या वाट्याची माया राहून गेली आहे, ती तूट आधी भरायची, वळण लावणं त्यानंतर. त्याला मुलांचे लाड करणारा भाबडा शिक्षक म्हणणाऱ्यांनी एक करून बघावं. आपल्या डोळ्यांदेखत दार मोडत असताना शांत उभं राहावं. त्याला किती कठोरपणा लागतो, ते कळेल.

आमच्याकडे मुंबई इलाख्याचा बालक कायदा झाला १९२४ साली. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, आइकहॉर्नचं पुस्तक निघालं आणि त्याला प्रस्तावना लिहिली सिग्मुंड फ्रॉइडने. ही प्रस्तावना महत्त्वाची आहे, कारण फ्रॉइड स्वतः तेव्हा माणसातल्या हिंसेशी झुंजत होता. आधी त्याच्या विचारात कामप्रेरणेला मध्यवर्ती जागा होती. त्याच्याच मंडळातल्या आल्फ्रेड आडलरने १९०८ मध्ये आक्रमकतेची वेगळी प्रेरणा मानावी असं सुचवलं होतं, ते फ्रॉइडला पटलं नव्हतं. मग युद्ध आलं. त्याचे तिन्ही मुलगे सैन्यात गेले. आघाडीवरून परतलेले, थरथरणारे, दर रात्री तोच स्फोट स्वप्नात पुन्हा पाहणारे सैनिक डॉक्टरांपुढे येऊ लागले. सुखाच्या मागे धावणारं मन दुःखाकडे पुन्हा पुन्हा का वळतं, या प्रश्नापाशी तो अडला, आणि १९२० साली त्याने मांडलं की माणसात जगण्याच्या, जोडण्याच्या ओढीसोबत मोडण्याचीही एक ओढ असते. ती बाहेर वळली की हिंसा होते. मृत्युप्रेरणेचा हा सिद्धांत त्याच्या अनेक शिष्यांनाही मान्य झाला नाही, आणि मलाही तो सगळाच्या सगळा पटत नाही. पण त्यातली एक गोष्ट मी रोज बघितली. राग शिकवावा लागत नाही, वर्षाचं मूलही चावतं. थांबणं मात्र कुणाकडून तरी शिकावं लागतं.

१९३२ मध्ये आइन्स्टाइनने फ्रॉइडला पत्र लिहून विचारलं की युद्धाच्या शापातून माणसाची सुटका होण्याचा काही मार्ग आहे का. फ्रॉइडचं उत्तर लांबलचक आणि बरंचसं उदास आहे. माणसातली आक्रमकता नाहीशी करण्याची आशा धरू नये, असं त्याने स्पष्ट सांगितलं. पण त्याच पत्रात तो हेही म्हणतो की माणसामाणसांत जिव्हाळ्याचे धागे निर्माण करणारी प्रत्येक गोष्ट युद्धाच्या विरोधात काम करते. हा पत्रव्यवहार १९३३ साली पॅरिसमध्ये छापून झाला, तोवर हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला होता, आणि त्याच वर्षी मे महिन्यात बर्लिनच्या चौकात फ्रॉइडची पुस्तकं जाळली गेली. जिव्हाळ्याच्या धाग्यांविषयीचं ते विधान तेव्हा कुणाला दुबळं वाटलं असेल तर नवल नाही. ते खरंच दुबळं आहे का, याची परीक्षा पुढच्या बारा वर्षांत झाली. ती घेतली फ्रॉइडच्या धाकट्या मुलीने, आनाने.

आना मुळात शाळामास्तरीण. तिला शहराच्या टोकाटोकाच्या बालसंस्था हिंडून दाखवल्या त्या आइकहॉर्नने. १९३६ च्या तिच्या पुस्तकात एका लहान मुलीची गोष्ट आहे. भुतांच्या भीतीने ती अंधारी ओसरी ओलांडायला धजत नसे. मग तिने युक्ती काढली. चित्रविचित्र हातवारे करत ती ओसरीतून पळत जाऊ लागली, आणि आपल्या धाकट्या भावाला तिने गुपित सांगितलं की भूत भेटेल अशी भीती वाटली तर आपणच भूत व्हायचं. ज्याची भीती वाटते त्याचाच वेष अंगावर चढवण्याच्या या क्रियेला आनाने ‘आक्रमकाशी तादात्म्य’ म्हटलं. बापाच्या पट्ट्याखाली वाढलेला मुलगा बराकीतल्या लहानग्याला पट्ट्याने मारताना मी पाहिलाय. ओठ आवळण्याची ढबही बापाची. त्याला निर्दय म्हणून फाइल बंद करणं सोपं असतं. तो भूत झालेला असतो, कारण त्याला अजून भुताचीच भीती वाटत असते.

मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा व्हिएन्नात शिरल्या. गेस्टापोने आनाला एक दिवस चौकशीला नेलं. जूनमध्ये फ्रॉइड कुटुंबाने देश सोडला आणि लंडन गाठलं. वृद्ध फ्रॉइडच्या चार बहिणी मागे राहिल्या. चौघीही नाझींच्या छावण्यांत गेल्या, त्यातली अडॉल्फिना टेरेझिनच्या छावणीत. फ्रॉइड स्वतः सप्टेंबर १९३९ मध्ये वारला, दुसरं महायुद्ध सुरू होऊन तीन आठवडे होत होते.

त्या सप्टेंबरच्या पहिल्या काही दिवसांत ब्रिटनमधली पंधरा लाखांच्या आसपास माणसं, बहुतेक मुलं, बाँबहल्ल्याच्या भीतीने शहरांतून खेड्यांत हलवली गेली. मुलं बाँबपासून वाचावीत हा हेतू चांगलाच होता. पण आईपासून तुटण्याचं काय होईल, हा प्रश्न थोड्याच लोकांनी विचारला. डिसेंबर १९३९ मध्ये जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डॉनल्ड विनिकॉट या तीन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून इशारा दिला होता की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईविना पाठवण्यात मोठा मानसिक धोका आहे.

आनाने डोरोथी बर्लिंगहॅम या मैत्रिणीबरोबर लंडनच्या हॅम्पस्टेड भागात बाँबहल्ल्यांनी बेघर झालेल्या मुलांसाठी पाळणाघरं उघडली. पैसा मुख्यत्वे एका अमेरिकन धर्मादाय योजनेचा. तीन घरं होती, दोन लंडनमध्ये आणि एक एसेक्सच्या खेड्यात, आणि एका वेळी ऐंशीच्या आसपास मुलं. काही लाकडी सामान तर व्हिएन्नातल्या त्यांच्या जुन्या बालवाडीतून आणलेलं. एक नियम सगळ्यांना होता. मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहायचं. युद्धाला नकार देणारा जेम्स रॉबर्टसन नावाचा एक स्कॉटिश तरुण तिथे बॉयलर सांभाळायचा, त्यालाही हा नियम होता. पुढे रुग्णालयात एकट्या पडणाऱ्या लहान मुलांवर त्याने काढलेल्या चित्रपटाने मुलांच्या वॉर्डांत आईबापांना प्रवेश मिळण्याचा रस्ता मोकळा केला. बॉयलरजवळ उभा राहून तो मुलं कशी बघायची ते शिकला होता.

या कार्डांतून जे निघालं त्याने भल्याभल्यांचा समज मोडला. मोठ्यांना वाटत होतं की पडलेली घरं, आगी, मृत्यू पाहून लहान मुलं हादरून जातील. पण आई जवळ असेल आणि तिचा धीर सुटला नसेल तर दोन-तीन वर्षांची मुलं बाँबहल्ल्यातूनही फारशी इजा न होता निघत. उलट पडक्या घरांच्या ढिगाऱ्यात ती आनंदाने खेळत, विटा फेकत. आनाने काढलेला निष्कर्ष मला अजून अस्वस्थ करतो. मूल बाहेरच्या विध्वंसाने घाबरेल हा खरा धोका नव्हे. या वयात त्याच्या आतही विध्वंस उसळत असतो आणि तो आवरायला ते नुकतं कुठे शिकत असतं. नेमक्या त्या वेळी मोठी माणसं बाहेर तेच करताना दिसली, तर आतलं आणि बाहेरचं एकमेकांना मिळतं. मग आवरायचं तरी कशासाठी?

आणि या मुलांना सर्वांत जास्त मोडलं ते बाँबने नाही, निरोपाने. या पाळणाघरांवरच्या पुस्तकात बर्टी नावाने येणारा एक चार वर्षांचा मुलगा आहे. त्याचे वडील हवाई हल्ल्यात गेले. तो कागदाची घरं करायचा आणि त्यांवर गोट्यांचे बाँब टाकायचा. दुसऱ्या मुलांच्या खेळात माणसं मरत. बर्टीच्या खेळात सगळी वेळेवर वाचत आणि घरं परत उभी राहत. महिनोन् महिने तोच खेळ चालला. एक दिवस त्याने सांगितलं की बाबा मेलेत, आई दवाखान्यात आहे, युद्ध संपलं की ती येईल, बाबा येणार नाहीत. त्यानंतर तो खेळ सुटला. सहा-सात महिने त्या मुलाला कुणी घाई केली नाही, ‘आता खरं बोल’ म्हटलं नाही. हे मला त्या पाळणाघराचं सर्वांत मोठं काम वाटतं.

सुरुवातीला तिथली व्यवस्था रुग्णालयासारखी होती. सगळ्या बायका सगळ्या मुलांना सांभाळत. मुलं बऱ्यापैकी शांत होती, पण शिकलेलं विसरत होती, कपडे ओले करत होती, एकमेकांना चावत होती. मग आनाने रचना बदलली. चार-पाच मुलांमागे एक बाई, आणि ती बाई त्यांचीच. कुणाला कोण आवडतं हे पाहून जोड्या लावल्या. पहिल्या आठवड्यांत नुसता कल्लोळ झाला. मुलं आपापल्या ‘आई’ला घट्ट धरू लागली, ती खोलीबाहेर गेली की आक्रोश, दुसऱ्या कुणी तिच्या मांडीवर बसलं की मारामारी. एखाद्या अधीक्षकाने हे पाहिलं असतं तर जुनी पद्धत लगेच परत आणली असती. तिथे धीर धरला गेला. काही आठवड्यांत कल्लोळ ओसरला आणि अडलेली वाढ झरझर सुरू झाली, बोलणं, स्वच्छता, थांबणं, सगळंच. एका माणसासाठी मूल आपला राग गिळायला तयार होतं. पाळीपाळीने येणाऱ्या आठ माणसांसाठी ते होत नाही.

आमच्या संस्थेत एक मावशी होत्या, कंत्राटावर. शिक्षण सातवी. रात्री मुलांना हाक मारून उठवणाऱ्या, कुणाला ताप आहे हे हाताने ओळखणाऱ्या. त्यांचं कंत्राट संपलं, नूतनीकरण झालं नाही. त्यानंतरच्या पंधरवड्यात तोडफोडीच्या नोंदी वाढल्या. चौकशीत कारण लिहिलं गेलं ते ‘शिस्तीचा अभाव’. मी लेखी कळवलं की कारण मावशींचं जाणं आहे. ते पत्र फाइलला लागलं.

१९४५ मध्ये युद्ध संपल्यावर आनाकडे आणखी सहा मुलं आली, आणि त्यांनी हे सगळं पुन्हा तपासायला लावलं. वय तीन ते चार वर्षं. अगदी तान्ह्या वयात ती टेरेझिनच्या छावणीत गेली होती आणि आईविना मुलांच्या खोलीत वाढली होती. तीच छावणी, जिथे आनाची आत्या मेली. ऑगस्टमध्ये तीनशे मुलांना प्राग इथून विमानांनी इंग्लंडला आणलं, त्यांत ही सहा होती. ऑक्टोबरमध्ये त्यांना ससेक्समधल्या वेस्ट होथली गावच्या ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरात ठेवलं, आणि जर्मनीतूनच निर्वासित झालेल्या सोफी आणि गेरट्रूड डान या बहिणींनी त्यांना सांभाळलं.

पहिल्या काही दिवसांत मुलांनी सगळी खेळणी मोडली, बरंचसं सामान खराब केलं. मोठ्या माणसांशी एक तर पूर्ण थंडपणा, नाहीतर मारणं, चावणं, थुंकणं. ओबरहोलाब्रुनची बराकच जणू पुन्हा उभी राहिली. पण एकमेकांशी ही मुलं अशी वागत की डान बहिणी चकित झाल्या. सहाजण एकमेकांपासून क्षणभरही वेगळे राहायला तयार नसत. हेवा नाही, स्पर्धा नाही, ‘तुझी पाळी, माझी पाळी’ शिकवावं लागलं नाही. जॉनला केकचा दुसरा तुकडा मिळाला नाही म्हणून तो रडला, तर रूथ आणि मिरियमने आपल्यातला उरलेला त्याला दिला आणि तो खाईपर्यंत त्याला कुरवाळत बसल्या. पॉलचे हातमोजे हरवले, जॉनने आपले दिले आणि हात गारठले अशी तक्रार केली नाही. ब्रायटनच्या किनाऱ्यावर पीटरला लाटांची भीती वाटत होती, पाण्याजवळ जायला तो धजत नव्हता. रूथ पाण्यात खडे टाकत उभी होती. अचानक तो ‘पाणी येतंय, पाणी येतंय’ ओरडत धावला आणि त्याने तिला मागे ओढून आणलं.

त्यांना आई नव्हती, बाप नव्हता, छावणीत माणसं सतत बदलत होती. बदलत नव्हते ते हे बाकीचे पाच. मग जिव्हाळ्याचा धागा तिथेच बांधला गेला, आणि सगळा राग त्या कड्याबाहेर, मोठ्यांवर. पुढे डान बहिणींवर त्यांचा जीव जडू लागला तसे आपापसांत मत्सर आणि भांडणंही दिसू लागली. साध्या घरातल्या भावंडांसारखी. १९५१ मध्ये छापलेल्या निबंधात आनाने नोंदवलं की ही मुलं हळवी, अस्वस्थ, आक्रमक होती, पण गुन्हेगार नव्हती आणि वेडीही नव्हती. हा निबंध वाचताना दरवेळी मला निरीक्षणगृहातल्या टोळ्या आठवतात. ‘गँग फोडा’ हा आमच्याकडचा ठरलेला उपाय. स्टेशनवर एकत्र वाढलेल्या तिघांना तीन जिल्ह्यांत पाठवायचं. ती टोळी म्हणजेच त्यांचं घर होतं, हे कळायला निदान त्यांच्याशी तासभर बोलावं लागतं.

आता ज्यांनी हे काम करायचं, त्यांच्या मनाचं काय? याबद्दल सरळ बोलला तो विनिकॉट. युद्धकाळात तो ऑक्सफर्डशायरमध्ये, कुणालाच नको झालेल्या स्थलांतरित मुलांच्या वसतिगृहांना दर आठवड्याला भेट देत असे. क्लेअर ब्रिटन ही समाजकार्यकर्ती तिथल्या कर्मचाऱ्यांसोबत रोजचं काम बघत असे. पुढे दोघांनी लग्न केलं. अशाच एका वसतिगृहातून आलेल्या, सतत पळून जाणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला विनिकॉट आणि त्याच्या तेव्हाच्या पत्नीने तीन महिने स्वतःच्या घरी ठेवलं. मुलगा अनावर झाला की विनिकॉट मारत नसे. तो त्याला उचलून घराच्या दाराबाहेर ठेवी, ऊन असो वा पाऊस. बाहेर एक घंटा होती. ती वाजवली की दार उघडायचं आणि झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द बोलायचा नाही. मात्र प्रत्येक वेळी बाहेर ठेवताना तो मुलाला सांगे की तू आत्ता जे केलंस त्यामुळे मला तुझा तिरस्कार वाटला. १९४७ साली आपल्या सहकाऱ्यांपुढे वाचलेल्या निबंधात त्याने स्पष्ट म्हटलं की हे बोलणं मुलाच्या प्रगतीसाठी गरजेचं होतंच, पण त्याहून जास्त ते त्याच्या स्वतःसाठी होतं. बोलला नसता तर संयम सुटून तो त्या मुलाच्या जिवावर उठला असता.

विनिकॉट मोठा डॉक्टर होता, त्याला असं म्हणायला व्यासपीठ होतं. आमच्याकडे बारा तासांच्या पाळीवरचा काळजीवाहक, चाळीस मुलं आणि तो एकटा, कुणी तोंडावर थुंकल्यावर जो राग त्याच्या अंगात चढतो तो कुणाला सांगणार? सांगितला तर नोकरी जाईल, नाही सांगितला तर तो काठीत उतरेल. संस्थांतल्या मारहाणीच्या बातम्या येतात तेव्हा आपण त्या माणसाला राक्षस ठरवतो, त्याला निलंबित करतो, आणि त्याच पाळीवर, तितक्याच मुलांसमोर दुसऱ्याला उभं करतो. क्लेअर ब्रिटनचं काम हेच होतं की आठवडाभर साचलेलं कर्मचाऱ्यांनी तिच्याशी आणि विनिकॉटशी बोलावं, मुलांचाच नव्हे तर स्वतःचा रागही. युद्ध चालू असताना, रेशनवर जगणाऱ्या देशात, त्यासाठी एक पगार आणि आठवड्यातला एक दिवस काढला गेला होता. मी निवृत्त होण्याआधी असाच एक तास मागितला होता, दर शनिवारी, काळजीवाहकांसाठी. तो मंजूर झाला तेव्हा मी तिथे नव्हते. आता तिथे बसतात असं ऐकते, पाचसहाजण, आणि पहिल्यांदा बोलायला बराच वेळ कुणी तोंड उघडत नाही.